स्वतःच्या शब्दांत

फॉर्मवर सात ओळी मोकळ्या सोडल्यात.
वर छापलंय : घटना स्वतःच्या शब्दांत लिहा.
पेन कॅप्टन दाभाडकरांचं.
माझं विमानातच राहिलं, आणि विमानाला सील.

लिहिते :
बावीस एप्रिल, सकाळी दहा चाळीस, गोंदूर.
एकटीने उडवायची माझी चौथी वेळ.
वारा डावीकडून, लळिंगच्या अंगाने, आठ नॉट.
धावपट्टीच्या अलीकडे नांगरलेलं काळं रान,
पऱ्हाट्या उपटून महिना झालेला,
ते रान तापल्या तव्यासारखं मला वर फेकत होतं.
हे शेवटचं खोडते.
तवा फॉर्ममध्ये चालणार नाही.

पहिल्यांदा टेकले
तेव्हा टेकल्यासारखं वाटलंच नाही.
खालून कुणी नको म्हटलं जणू.
विमान परत हवेत, पुरुषभर उंच,
नाक आभाळाला.
मी नाक दाबलं.
दुसऱ्यांदा पुढचं चाक आधी.
तिसऱ्यांदा ते चाक नव्हतंच.

पंखा डांबराला लागला आणि थांबला.
रोज सकाळी त्या पात्यांवरून हात फिरवते मी,
तरी दोन पाती असतात हे त्या दिवशी कळलं.
चालू असतं तेव्हा ते नुसतं एक गोल असतं,
त्यातून पलीकडचं धुळं दिसतं.

पहिल्या आणि दुसऱ्या टेकण्याच्या मधे
दोन सेकंद होते.
त्या दोन सेकंदांसाठी सहा महिने शिकवलं होतं :
थ्रॉटल पुढे, पूर्ण. वर जा.
फेरी मारून परत ये, कुणी हसत नाही.
शब्द पाठ होता. जिभेवर होता.
हात मात्र घरचा होता,
आलीच आहेस तर टेकून टाक, म्हणणारा.

अग्निशामक गाडीच्या आधी
कुंपणाच्या फटीतून एक बाई आली,
मागे तिच्या तीन शेळ्या.
‘वो माय, लागनं का तुले?’
मी नाही म्हटलं. ओठातून रक्त येत होतं.
तिने विमानाकडे पाहिलं, बराच वेळ.
‘इन्हं नाक मोडनं वाटस.’
बाटली पुढे केली. ‘पानी पे.’
पाण्याला बिडीचा वास होता.
हे कुठल्या रकान्यात?

बापूंना फोन दुपारी केला.
चोपडा डेपो, एस.टी., सव्वीस वर्षं विनाअपघात,
बिल्ला टीव्हीच्या वर, प्लॅस्टिकच्या पिशवीत.
मी म्हटलं, उतरताना मोडलं.
तिकडे घंटी वाजली, कुणीतरी यावलचं तिकीट मागत होतं.
‘गाडीमां कोनी व्हतं का?’
‘मी व्हतू.’
‘दुसरं कोनी?’
‘नही.’
त्यांनी श्वास सोडला तो मला ऐकू आला,
आणि मग त्यांनाही ऐकू आला असावा,
कारण ते एकदम माझं नाव घेऊ लागले,
शकू, शकू,
लहानपणी ताप आला की घ्यायचे तसं.

दुसऱ्या दिवशी आले. कळण्याची भाकर, ठेचा, फडक्यात.
हँगरमध्ये चप्पल बाहेर काढून शिरले.
पात्याच्या मुरडलेल्या टोकावर अंगठा फिरवला.
‘हे सरळ नाही का होत?’
मुश्ताक पिंजारी म्हणाला, ‘नाही बापू, बदलतात.’
बापूंनी मान हलवली.
फाटकापाशी, रिक्षात एक पाय ठेवून म्हणाले,
लळिंग घाटात एकदा माझं चाक कठड्यावर चढलं होतं.
गाडी रिकामी होती.
मी कुठे लिहिलं नाही.

सहा ओळी झाल्या. त्यातली एक खोडलेली.
खिडकीबाहेर कुणीतरी उतरतंय,
बहुतेक अनघा पवार, चाकं टेकलीच आता,
उसळलं,
नाक थोडं वर, थोडं जास्तच वर,
आणि इंजिनाचा आवाज भरला.
गेली. वर गेली. बाभळींच्या वरून,
पांझरेकडे डावं वळण घेत.

मी कधी उभी राहिले कळलं नाही.
फॉर्म खाली पडला होता, पेन त्याच्यावर.